हिवाळ्यात आपलं अस्वल झोपत नाही, तेव्हा जंगलात जाताना एवढं करा

डिसेंबर आला की पुण्या-मुंबईकडचे मित्र फोन करतात, येऊ का रे ज्ञानगंगा अभयारण्यात फिरायला, आणि त्यातला एक तरी हमखास विचारतो की आता थंडीत अस्वलं झोपलेली असतील ना? नाही बाबा, झोपलेली नसतात. थंडी पडली की गुहेत जाऊन मार्चपर्यंत घोरत पडतं ते कार्टूनमधलं अस्वल, बर्फातलं. बर्फाखाली सगळं गाडलं गेलं की खायला काही उरत नाही म्हणून तिकडची अस्वलं, आपल्या काश्मीर-हिमाचलातलीसुद्धा, अंगावर चरबी चढवतात आणि हिवाळा झोपून काढतात. आपल्या बुलढाण्यात, मेळघाटात, गोंदिया-गडचिरोलीत हिवाळ्यात बोरं पिकतात आणि वारुळं तर बाराही महिने भरलेली, मग त्याने झोपायचं कशाला?

उलट हिवाळा म्हणजे आपल्या अस्वलाचं बाळंतपण. उन्हाळ्याच्या शेवटी जोड्या जमतात आणि पिल्लं होतात ती साधारण डिसेंबर-जानेवारीत, एक किंवा दोन, क्वचित तीन. मादी एखाद्या कपारीत, मोठ्या धोंड्यांच्या सापटीत किंवा नाल्याच्या दरडीत उकरलेल्या बिळात पिल्लं पोटाशी घेऊन बसते, पहिले काही आठवडे तर तिचं खाणंपिणंही जवळपास बंद असतं. म्हणजे एक अस्वल बोरीखाली, दुसरं कपारीत, दोन्ही टक्क जागी, आणि दोघांनाही तुम्ही एकदम समोर उगवलेले चालत नाही. सगळी गोम ह्या 'एकदम' मध्ये आहे, पुढे जे काही सांगतोय ते सगळं ह्याच एका शब्दावर आहे.

मी ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या गावातला. २०१९ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो रेडिओ कॉलर लावलेला वाघ हजारावर किलोमीटर चालून आमच्याकडे येऊन पोचला, पुढे त्याचं नाव 'वॉकर' पडलं, तेव्हा पेपरवाले, टीव्हीवाले, बाहेरगावचे पाहुणे सगळे वाघ वाघ करत होते आणि आमची म्हातारी माणसं म्हणत होती वाघाचं सोडा, तो आला तसा जाईल, अस्वल कोणत्या नाल्यात बसलंय ते बघून जा. आणि ते बरोबरच होतं. वाघ माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा आधीच बाजूला होतो. अस्वल पुष्कळदा होत नाही, कारण त्याला तुम्ही आलात हे कळतच नाही.

ते कसं, हे एकदा बघितलेलं बरं. अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात, तिथे फट असते. ते वारूळ नखांनी फोडतं, आधी फुंकर मारून माती उडवतं, मग ओठांची नळी करून, नाकपुड्या मिटून, त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. सुर्रर्र, फूऽऽ, सुर्रर्र, असा आवाज चालू असतो, रात्री शांततेत शंभरेक मीटरवरून सहज ऐकू येतो. आता तुम्हीच सांगा, ज्याचं डोकं वारुळात आहे, नाक मिटलंय, स्वतःचाच एवढा आवाज चाललाय आणि मुळात ज्याची नजर अन् कान फार तेज नाहीत, त्याला तुमच्या चपलेची चाहूल कशी लागणार? मान वर करतं तेव्हा तुम्ही दहा पावलांवर. आणि ह्या प्राण्याची रीत अशी की घाबरलं की पळत नाही, अंगावर येतं. हजारो वर्षं वाघाच्या शेजारात काढलेली आहेत त्याने, पाठ दाखवली तर मेलो हे रक्तातच आहे. राग नाही तो, भीती आहे. पण तोंडावर बसणारी नखं बोटाएवढी लांब असतात, तेव्हा राग असो की भीती, आपल्याला फरक पडत नाही.

माझ्या मोठ्या काकाला असंच झालं. जानेवारी महिना, सकाळचे आठ-साडेआठ, धुकं नुकतं उठलेलं, काका शेळ्या घेऊन नाल्याच्या कडेने चालला होता, कानाला मफलर गुंडाळलेला, त्यामुळे त्यालाही काही ऐकू आलं नाही आणि वारुळामागच्या अस्वलालाही. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. डावा कान आणि कपाळावरची कातडी गेली, डोळा वाचला ते नशीब. काका अजून सांगतो की मला खोकला असता ना त्या दिवशी तर वाचलो असतो. ही गंमत नाही, ह्यात सगळं आलं.

तर पहिली गोष्ट, आवाज करत चाला. जंगलात शांत राहा असं पर्यटकांना सांगतात ते जिप्सीत बसलेल्यांसाठी. पायी जाणाऱ्याने, सरपणाला, बोरं-आवळे वेचायला, गुरं घेऊन जाणाऱ्याने, बोलत जायचं. एकटं जायचंच नाही, तिघं-चौघं मिळून जा आणि एकमेकांपासून लांब पांगू नका. बाया मोळी बांधायला वाकतात, तोंड खाली, हात कामात, तेव्हा एकीने उभं राहून बघत राहावं, पाळीपाळीने. वळण आलं, नाल्यात उतरायचं आहे, घाणेरीची (आमच्याकडे रायमुनिया म्हणतात) दाट जाळी आली की आधी थांबून दोन हाका मारा, काठी दगडावर आपटा, मग पुढे व्हा. काठीला घुंगरं किंवा बैलाच्या गळ्यातली घाटी बांधली तर उत्तम, गुजरातेत अस्वलांचा अभ्यास करणाऱ्यांनी अशीच 'घंटीकाठी' करून गावकऱ्यांना दिली होती, खर्च काहीच नाही. कानात इयरफोन घालून जाणाऱ्या पोरांना मी काय सांगू, मफलरचं वर सांगितलंच आहे. सकाळी कान झाकून जायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, गावात झाका, जंगलात शिरताना एक तरी कान मोकळा ठेवा.

वाऱ्याकडे लक्ष ठेवा. त्याचं नाक जबरदस्त आहे. वारा तुमच्या पाठीमागून पुढे जात असेल तर त्याला तुमचा वास आधीच लागतो आणि बहुतेक वेळा ते बाजूला होतं. वारा समोरून तोंडावर येत असेल तर वास पोचत नाही, त्या दिवशी आवाज डबल.

कुत्रा नेऊ नका. आपल्याला वाटतं कुत्रा राखण करेल. कुत्रा पुढे पळतो, अस्वलावर भुंकतो, अस्वल त्याच्या मागे लागतं आणि मग कुत्रा कुठे येतो? मालकाकडे. अस्वलाला घेऊन.

आता खुणा. हे शिकायला एक हिवाळा पुरतो, लहान पोरांनाही येतं. बोरीखाली जा (दिवसा, दोघं-तिघं मिळून) आणि खाली बघा. विष्ठेचा मोठा ढीग असेल आणि त्यात नुसत्या बोराच्या आठळ्या ठासून भरलेल्या असतील, तांबूस-काळसर, तर ते अस्वल. ओली चमकत असेल, वाफ किंवा माश्या असतील तर आत्ताची आहे, मागे फिरा. कोरडी होऊन आठळ्या सुट्ट्या झाल्या असतील तर दोन-चार दिवसांची, पण लक्षात ठेवा की बोर संपेपर्यंत ते त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा येतं. सीताफळाच्या दिवसात, म्हणजे दिवाळीच्या आसपास, हाच ढीग काळ्या गुळगुळीत बियांचा असतो. दुसरं म्हणजे वारूळ. ताजं उकरलेलं असेल तर माती ओलसर अन् गडद दिसते आणि वाळव्या सैरावैरा पळत असतात, जुनं असेल तर वाळव्यांनी पुन्हा लिंपायला घेतलेलं दिसतं. पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा, रुंद, पाच बोटं, फक्त बोटांच्या पुढे लांब अंतरावर नखांचे टोच. आमच्या गावात एका पाहुण्याने ओल्या दांडात हा ठसा बघून कोण बिनचपलेचं फिरतंय एवढ्या थंडीत असं विचारलं होतं.

आणि कपार. डिसेंबर ते फेब्रुवारी कुठल्याही कपारीत, गुहेत, धोंड्यांच्या फटीत डोकावायचं नाही, फोटोसाठी नाही, मधाच्या पोळ्यासाठी नाही, हरवलेली शेळी शोधायला तर अजिबातच नाही. आतून पिल्लांचा कुंईकुंई आवाज किंवा गुणगुणल्यासारखा आवाज आला तर आल्या वाटेने परत. पिल्लू एकटं दिसलं तरी उचलू नका, आई जवळच असते, पिल्लू 'वाचवायला' गेलेला माणूस हा तिच्या हिशेबात चोरच. जागा लक्षात ठेवा, वनरक्षकाला सांगा, गावात सांगा आणि पुढचे दोन-तीन महिने गुरं दुसरीकडे चारा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

अस्वल रात्रीचं जनावर आहे, दिवसा भीती नाही, हे अर्धवट खरं आहे. जास्त फिरणं संध्याकाळ ते सकाळ हेच, पण थंडीत ऊन सोसतं म्हणून ते सकाळी उशिरापर्यंतही बाहेर असतं, आणि लहान पिल्लं असलेली आई तर मुद्दाम दिवसा फिरते कारण रात्री वाघ-बिबट्या आणि मोठे नर फिरत असतात, त्यांच्यापासून पिल्लं वाचवायची असतात. त्यामुळे आता उजाडलं म्हणून बिनधास्त, असं नाही. पहाटे अंधारात डबा घेऊन बाहेर जाणं तर बंदच करा, घरी संडास आहे, त्यात लाकडं भरून ठेवली आहेत, ती काढा.

आता सगळ्यात अवघड विषय, रात्रीचं ओलीत. हिवाळा म्हणजे हरभरा-गहू, आणि शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक पाळी दिवसा आणि एक पाळी रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस बारा-दोन वाजता स्प्रिंकलरचे पाईप बदलायला जातो, थंडीने अंग आखडलेलं, तोंडावर टॉवेल, आणि बांधाला लागून तूर उभी असते, डोक्याएवढी. तुरीच्या आत काय बसलंय ते देवाला माहीत. दिवसाची लाईट मागून मागून शेतकरी थकले, शेतीची लाईन सौरऊर्जेवर चालली की होईल म्हणतात, ज्यांच्याकडे झालंय ते सुखी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी हे करा: स्टार्टरला ऑटो बसवा किंवा मोबाईलवर चालणारा स्टार्टर घ्या, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप, फक्त बटण दाबायला रात्री जायची गरज नाही. पाईप संध्याकाळी उजेडात अशा लावा की रात्री एकदाच बदलावे लागतील, जमलं तर सकाळीच. जायचंच असेल तर दोघं जा, टॉर्च चांगला घ्या, मोबाईलचा उजेड हा उजेड नाही, आणि शेतात शिरायच्या आधी बांधावर उभं राहून टॉर्च सगळीकडे फिरवा, हाका मारा, मोबाईलवर भजन लावा मोठ्याने. तुरीच्या कडेने चालू नका, मोकळ्या रानातून चाला. तूर निघाली की अर्धी काळजी कमी होते, म्हणून जंगलाच्या बाजूच्या बांधाला तरी बुटकं पीक घ्या असं मी दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणी ऐकत नाही, मीही मागच्या वर्षी तूरच पेरली.

कुंपणाच्या तारेत डायरेक्ट करंट सोडणाऱ्यांना हात जोडून सांगतो, सोडू नका. रानडुकरासाठी सोडता, अस्वल मरतं, शेजाऱ्याचा बैल मरतो, शेजारी मरतो. अस्वल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, मेलं की जेल. झटका मशीन लावा, त्याचा धक्का बसतो पण जीव जात नाही, आणि जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदानही आहे, वनरक्षकाकडे चौकशी करा.

समोरासमोर आलंच तर काय?

लांब आहे आणि त्याचं लक्ष नाही, तर हाका वगैरे आता काही नको, आल्या वाटेने गुपचूप मागे. लांब आहे आणि तुमच्याकडेच येतंय, तर त्याला तुम्ही दिसलाच नसाल ही शक्यता जास्त, एकत्र व्हा, नेहमीच्या आवाजात बोलायला लागा म्हणजे त्याला माणूस आहे हे कळेल, आणि बाजूला सरकत त्याला वाट द्या. दोन पायांवर उभं राहिलं तर लगेच हल्ला समजू नका, ते वास घेतंय, बघतंय. तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरका.

पळू नका. ते आपल्यापेक्षा जोरात पळतं, खडकातही. 'उतारावर पळा, त्याच्या झिपऱ्या डोळ्यावर येतात' हे मी लहानपणापासून ऐकतोय, खोटं आहे. झाडावर चढू नका, शाळेतल्या त्या दोन मित्रांच्या गोष्टीत एक झाडावर चढून वाचतो, पण आपलं अस्वल मधाच्या पोळ्यासाठी सरसर झाडावर चढतं, त्या मित्राचं काही खरं नव्हतं. खाली पडलेला मित्रच त्यातल्या त्यात बरोबर होता, फक्त श्वास रोखून उताणा पडायचं नाही.

अंगावर धावून आलं तर ग्रुपने एकत्र उभं राहून जोरात ओरडा, काठ्या पुढे धरा. काही वेळा नुसतं धावून येऊन फिरतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. काठी मारायला नाही, मध्ये धरायला आहे, त्याला काठीच चावू द्या. अगदी अंगाशी आलंच तर पालथं पडा, तोंड जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत अडकवा, कोपर गालांशी घट्ट, पाठीवर पिशवी असेल तर राहू द्या. ते डोकं आणि चेहरा धरतं, तेवढं वाचवायचं. बहुतेक वेळा हे काही सेकंदांत आटपतं, तुम्ही धोक्याचे नाही असं वाटलं की ते निघून जातं, पण ते गेल्याबरोबर उठून पळालात तर परत येऊ शकतं. आवाज पूर्ण थांबू द्या, मग उठा. आणि हो, अस्वल गुदगुल्या करून मारतं म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना काकाचं कपाळ दाखवा.

जखम झाली तर स्वच्छ फडकं घेऊन घट्ट दाबून धरा, डोक्याची जखम भयंकर वाहते, घाबरू नका, दाब सोडू नका. लोंबणारी कातडी तोडायची नाही, जागेवर ठेवून वरून बांधायची, दवाखान्यात शिवता येते. तोंडाला लागलं असेल तर उताणं झोपवू नका, रक्त घशात जातं, बसवून पुढे वाकवा किंवा कुशीवर घ्या. हळद, चुना, राख काही भरू नका. १०८ ला फोन, आणि जखम लहान असली तरी धनुर्वाताचं आणि रेबीजचं इंजेक्शन घ्यायचंच, रेबीज म्हणजे फक्त कुत्रा नाही. सोबतच वनविभागाला १९२६ वर कळवा, पंचनामा त्याच दिवशी करून घ्या, सरकारी दवाखान्याचा कागद जपून ठेवा. जखमी माणसाला सरकारी मदत मिळते, मृत्यू झाला तर घरच्यांना २५ लाख आहेत, पण कागद नसला की नुसत्या चकरा. आमच्या काकाच्या वेळी कोणी सांगितलं नाही, पंचनामा आठ दिवसांनी झाला, पुढे काय झालं असेल ते समजून घ्या.

गावात किंवा विहिरीत अस्वल आलं तर त्याचा प्रॉब्लेम अस्वल नसतं, गर्दी असते. चारी बाजूंनी दोनशे लोक, सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि ते बिचारं जायला वाट शोधतंय. जंगलाकडची एक बाजू पूर्ण मोकळी करा, पोरंबाळं घरात, कुत्री बांधा. विहिरीत पडलं असेल तर वनविभागाला बोलवा, ते शिडी किंवा लाकडाची ओंडकी सोडतात, सगळे लांब गेले की ते आपलं आपण चढून येतं आणि जंगलाची वाट धरतं, ह्यात सगळ्यात अवघड काम म्हणजे लोकांना लांब ठेवणं. बिनकठड्याच्या विहिरी हिवाळ्यातच बांधून घ्या किंवा निदान काटेरी फांद्या तरी लावा.

एके काळी दरवेशी हेच अस्वल नाकात वेसण घालून दारोदार नाचवत आणायचे, पोरांना पाठीवर बसवायचे, केसांचे ताईत विकायचे. माझ्याही गळ्यात होता म्हणे, नजर लागू नये म्हणून. ते बंद झालं, बरं झालं. पण त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात अजून अस्वल म्हणजे डोलणारं, केविलवाणं काहीतरी आहे, आणि नव्या पोरांच्या डोक्यात टेडी.

फेब्रुवारी-मार्चकडे पिल्लं बाहेर निघतात, आईच्या पाठीवर बसून. अभयारण्यातल्या बोथा गावाकडून येताना संध्याकाळनंतर बाईक हळू घ्या. रस्त्यावर काळं काहीतरी दिसलं आणि त्याच्या पाठीवर केसांत दोन गोळे चिकटलेले दिसले, तर लांबच थांबा, लाईट डीम करा, हॉर्न मारू नका, रेस करू नका. ती मध्येच थांबते, वळून वास घेते, एखादं पिल्लू घसरलं तर ते पुन्हा चढेपर्यंत उभी राहते. दोन-तीन मिनिटं लागतात. ती गेल्यावरही लगेच निघू नका, कधी कधी तिसरं मागून पळत येत असतं.